आयचा जबडा

शीत. भाताचं एक शीत आयच्या हनुवटीवर डाव्या बाजूला चिकटून बसलं होतं आणि आयला ते कळत नव्हतं, कळणारच नव्हतं, कारण तिथली कातडी मेलेली होती — ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आयचा चेहरा आयचा उरलाच नव्हता — आणि केसर समोर बसून त्या शिताकडे बघत होती. हात पुढे करून ते काढावं असं तिला वाटत होतं आणि काढू नये असंही वाटत होतं. राहू दे, बाला दिसू दे, सकाळी सकाळी दिसू दे त्याला आपण काय करून ठेवलंय ते... पण बाचे डोळे मिटलेले होते.

बा जेवणाआधीची प्रार्थना करत होता. मांडीवर दोन्ही हात उताणे, जाळ्याच्या दोरांनी कापलेले, काळे, एकेक बोट वल्ह्याच्या मुठीसारखं, आणि त्या हातांच्या वर ते तोंड — इतकं निवांत तोंड की केसरला वाटलं, पुढ्यातली पितळी उचलावी आणि वाफाळती पेज सरळ त्या मिटल्या डोळ्यांवर... मग बघू कुठे जाते शांती. मासळी खाऊन उन्हात पसरलेल्या बोक्याचं असतं तसं तोंड. देवा, तुझे उपकार, आमेन. आणि मग भुरके.

कोणी दिली याला ही शांती? शाळेत बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कृपा, आणि खाली लिहिलं होतं, जे आपण कमावलेलं नाही ते. आणि केसरने सगळ्यांच्या आधी हात वर करून ते खणखणीत म्हणून दाखवलं होतं, आणि तेव्हा काय छान वाटलं होतं! कारण तेव्हा ती कृपा केसरवर होत होती. मला मिळाली त्यात काय विशेष, मी चांगलीच मुलगी होते. पण ह्याला?

"काय बघतंस गो टकामका?" आय म्हणाली. आयचे शब्द वाकड्या तोंडातून वाकडे होऊन येत. परक्याला अर्धे कळत नसत, केसरला सगळे कळत.

"तुझ्या हनुवटीला शीत लागलंय."

आयने पदर फिरवला, तो भलत्याच जागी. शीत तिथेच. मग बाने डोळे उघडले, शीत पाहिलं, हात लांब केला — आणि आय मागे सरली. एवढीशी. नुसता खांदा आणि मान. तिला स्वतःलाही कळलं नसेल. बाचा हात क्षणभर हवेत राहिला आणि मग आपल्याच पितळीकडे परत गेला.

केसरच्या पोटात आनंदाची एक उकळी फुटली. अगदी खरंखुरं सुख. बघ, अजून मागे सरते ती! हेच सांगणार आहे मी संध्याकाळी.

संध्याकाळी सभा होती. उद्या रविवारी खाडीत बाचा बाप्तिस्मा व्हायचा होता आणि आदल्या संध्याकाळी मंडळीची तयारीची सभा. मंडळी म्हणजे तरी काय, मूठभर माणसं आणि खाडीकाठची विटांची एक खोली. पण शिवदास मास्तर त्या मंडळीचे पाळक आणि मास्तरांचा एक नियम होता: नव्या माणसासाठी मंडळीतल्या कोणीतरी उभं राहून सांगायचं की मी ह्याला ह्याच्या घरात पाहिलंय, ह्याचं वागणं पालटलंय, ह्याला आत घ्या. घरात पाहिलेलंच माणूस पाहिजे. रस्त्यावर पाहिलेलं चालत नाही, मास्तर म्हणत, रस्त्यावर सगळेच संत असतात. आणि बाच्या, म्हणजे बुधाजी तांडेलाच्या, घरातलं, मंडळीतलं असं माणूस आख्ख्या किनाऱ्यावर एकच होतं. आय नाही, आय अजून एकवीरेचीच होती. केसर. अलिबागला मिशनच्या बोर्डिंगात बाप्तिस्मा घेतलेली केसर, परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखी पाण्यातून वर आलेली, पाठांतरात बक्षिसं मिळवणारी, प्रार्थनेच्या वेळी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाणाऱ्या आवाजात वचन वाचणारी. तिने "घ्या" म्हटलं तर बा आत. तिने "नको" म्हटलं तर बा बाहेर. एवढं सोपं.

तिचं ठरलेलं होतं. नारळी पुनवेच्या सुट्टीला अलिबागहून गाडीवाटेने काल रात्री घरी येताना तिने सगळं भाषण मनात रचलं होतं, घासून पुसून, मासे कापायच्या कोयत्याला धार लावतात तसं. माझ्या बापाने माझ्या आईचा जबडा फोडला. असं सुरू करायचं. मग थांबायचं. थांबल्यावर खोलीत जी शांतता पसरेल ती तिला आत्ताच ऐकू येत होती, आणि त्या शांततेत बाचं तोंड — बघायचं होतं तिला ते, मुशी माशाचं पोट फाडल्यावर आतलं सगळं बाहेर यावं तसं त्या तोंडातून सगळं बाहेर यायला हवं होतं. मी उभी राहीन. सरळ. हात मागे. आवाज कापणार नाही माझा. माझा आवाज कधी कापतच नाही!

पाच वर्षांपूर्वीचं ते साल वाईट होतं... पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या, घरातली सुकी मासळी संपत आलेली, बा रोज ताडीवर, आणि दहा वर्षांची केसर तापात. तापाने तोंडाला चव नव्हती, भूक मात्र होती. आयकडे तांदळाच्या कण्यांशिवाय काही नव्हतं आणि देव्हाऱ्यापुढे सोनेरी कागद लावलेला नारळ होता, दर्याचा. दुसऱ्या दिवशी पुनव. होड्यांचा म्होरक्या, तांडेल म्हणून बाच्याच हाताने तो दर्यात जायचा, मग होड्या सुटायच्या, तोवर त्याला बोट लावायचं नाही. आयने तो फोडला. खवून पेजेत घातला. ती पेज किती गोड लागली होती! अजून, आत्तासुद्धा, ती गोडी जिभेच्या मुळाशी आहे, आणि म्हणूनच बोर्डिंगात रविवारी नारळाची वडी वाटतात तेव्हा केसर आपली वडी शेजारणीला देते आणि सगळ्या म्हणतात, केसर काय दानशूर!

बा आत आला. त्याला करवंटी दिसली. कोपऱ्यात वल्हं होतं.

आवाज नारळ फुटतो तसाच झाला. तोच, अगदी तोच आवाज. तापात केसरला वाटलं आणखी एक नारळ फोडला कोणी. मग आय भिंतीला टेकून खाली आली, आणि तिने तोंड उघडलं तर तोंड उघडेचना, ते बाजूलाच गेलं, आणि त्यातून रक्त आणि दात पडले ते केसरच्या पेजेत. वल्हं पुन्हा वर गेलं. पुन्हा. दर्याचा घास खातेस! दर्याचा! आणि केसरने वाटी सोडली नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती वाटी, कोणी घेईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाने दर्याला दुसरा नारळ दिला, गुणाजीकाकाने आणून दिलेला. ताशे वाजले. आय घरात, फडक्याने डोकं आणि हनुवटी एकत्र बांधलेली. आणि कोळीवाड्यात बायकासुद्धा म्हणाल्या, मारलं ते वाईट, पण दर्याचा घास कोणी खातं काय बाई?

आणि असा हा माणूस. आता डोळे मिटून भुरके मारतो.

बा पितळी धुऊन होडीकडे गेला. आज होड्या पाण्यात लोटायच्या होत्या. काल पुनव झाली होती. केसरने आयच्या पाठोपाठ तेलाचा डबा उचलला. पुळणीवर चालताना वारा असा येत होता की बोललेला शब्द तोंडातून ओरबाडून नेत होता, आणि लाटा अजून तांबड्या, गढूळ, एकीच्या मानेवर दुसरी आपटत होती.

"आय, काल बाने नारळ नाही दिला?"

"न्हाय." आय हसली. आयचं हसणं उजव्याच बाजूला यायचं. "म्हनतो, आता न्हाय द्यायचा. दर्या देव न्हाय म्हनतो, दर्या देवाने केला. समदा वाडा देवळापाशी उभा, गुणाजी नारळ धरून उभा, आन् हा म्हनतो, मी न्हाय. अगो, मी आपली मागे उभी. मला वाटलं, जाऊन विचारावं, काय रं भाड्या, तवा एका नारळापायी माझं थोबाड फोडलंस, आन् आता नारळच न्हाय म्हनतोस? मंग माझा जबडा गेला कशापायी?"

केसर थांबली. हे तिच्या भाषणात नव्हतं! इतकं धारदार आणि आपल्याला सुचलं नाही... "हेच सांगते मी आज सभेत. असंच."

"काय सांगतंस?"

"खरं काय ते. सगळं. की अशा माणसाला आत घेऊ नका."

आय चालतच राहिली. मग म्हणाली, "सांग की. पन त्याला तिथं आत न्हाय घेतलं आन् वाड्याने तं कालपासून टाकलाच हाय, मंग तो जायाचा कुठं? गुत्त्यावर. आन् गुत्त्यावरून कुठं? घरी. तू जाशील तुझ्या बोर्डिंगात, तिथं हाय का तुला काय? तिथं गाणी म्हनायची."

"म्हणजे तू त्याला माफ केलंस?"

"मी?" आय थुंकली. "तुझा देव करतो म्हनतात, करूं दे, त्याचा धंदाच तो. माझं माझ्यापाशी. दीड वरीस झालं, हात न्हाय उचलला त्याने, एवढं मला ठावं. बाकी त्या मास्तराला विचार. काय चिवट मेला, गोचिडासारखा!"

मास्तरांची गोष्ट केसरला आयनेच सांगितली होती. केसरला मास्तरांनी बोर्डिंगात पाठवलं तेव्हा बाने त्यांना खाडीच्या चिखलात लोळवून मारलं होतं, माझी पोर विकलीस म्हणून, चष्मा फोडला होता. दुसऱ्या दिवशी मास्तर चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधून आमच्या ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, पाणी द्या. बाने शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा आले. बाने चिंबोऱ्यांची टोपली अंगावर ओतली. पुन्हा आले. असं किती दिवस कोण जाणे; शेवटी एक दिवस बाच त्यांच्याशेजारी टेकला. कंटाळून असेल! केसरला ही गोष्ट आवडायची आणि ह्याच गोष्टीचा तिला रागही यायचा, कारण मास्तर आयपाशी येऊन का नाही बसले? आयला कोणी पाणी मागितलं?

किनाऱ्यावर माणसंच माणसं. झाप काढून फेकलेले, होड्यांना तेल चोपडलेलं, आणि एकेका होडीला सगळ्या वाड्याचे खांदे लागत होते, कारण एकट्या घराने होडी हलत नाही, हलूच शकत नाही, आजोबा-पणजोबांपासून सगळे मिळून सगळ्यांच्या होड्या लोटतात. हो-ओ करून आवाज उठायचा आणि होडी ओंडक्यांवरून गडगडत पाण्यात घुसायची. एक गेली. दुसरी गेली. बाच्या होडीशी खांदे आले नाहीत. बा एकटाच तिला पाठ लावून उभा होता, पाय वाळूत रुतलेले, मानेच्या शिरा दोरांसारख्या, आणि होडी ढिम्म. शेजारून माणसं जात होती, त्याच्याकडे न बघता, जसा तिथे दगड आहे.

"बुधादादा, सायबाच्या देवाला बोलाव की धक्का द्यायला!" गुणाजीकाका आला. बाचा सख्खा धाकटा भाऊ, तोही तसाच, बैलाच्या खांद्याचा. त्याच्या हातात नारळ होता. सोनेरी कागदाचा. "काल न्हाय टाकलास तं आज टाक. आत्ता. मी मागं उभा राहतो, समदे खांदा देतील. धर."

"न्हाय रं गुणा."

"धर म्हनतो."

"माझ्याच्याने न्हाय व्हायचं."

"दर्यावर पोरं जातात आमची! तुझ्यापायी एक जरी परत न्हाय आलं तं?" काकाचा आवाज फाटला, आणि केसरला दिसलं की तो नुसता चिडलेला नाही, भ्यालेला आहे, पण तेवढ्यात त्याने नारळ तसाच मुठीत धरून बाच्या छातीवर हाणला. बा मागे होडीवर आदळला. मग बुक्की, तोंडावर. मग गुडघा.

मार! केसरच्या आत कोणीतरी ओरडलं. मार, अजून मार! हा दातांसाठी. हा पेजेसाठी. हा आयच्या मेलेल्या गालासाठी. तिचा श्वास जोराजोरात चालला होता, तिचे तळपाय वाळूत नाचत होते, सगळं भाषण व्यर्थ होतं, शब्द कशाला हवेत, हे असं पाहिजे, रक्त पाहिजे — आणि रक्त आलं, बाच्या नाकातून, आणि बाने हात उचलला नाही. त्याने होडीची कड मागे दोन्ही हातांनी धरली होती. गावात त्याच्या एका फटक्यानंतर उभं राहील असं माणूस नव्हतं आणि तो कड धरून उभा होता. मग केसरने त्याचं तोंड पाहिलं. बोक्याचं नव्हतं ते! ते निवांत नव्हतं. दात ओठात रुतले होते, डोळ्यांत तेच होतं, तेच जुनं, करवंटी दिसल्यावरचं, आणि होडीच्या कडेवर नखं इतकी आवळलेली की लाकडात घुसली होती. त्याला मारायचं होतं. गुणाजीला तिथेच मोडून टाकायचं होतं त्याला, आणि तो ते धरून ठेवत होता, सगळ्या अंगाने, बुडणारा माणूस फळकुट धरतो तसा. म्हणजे ही शांती? ही?

काकाने शेजारचं वल्हं उचललं. वल्हं वर गेलं, आणि ते कुठे उतरणार हे केसरला सगळ्यांच्या आधी दिसलं, गालाच्या खाली, कानाच्या पुढे. आणि मग काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण ती जागची कधी हलली ते तिला कळलं नाही. एवढंच की दुसरं वल्हं होडीला टेकवलेलं होतं आणि ते तिच्या हातात होतं, आणि त्याचा सपाट भाग काकाच्या कानशिलावर बसला. काका खाली गेला. तिने पुन्हा मारलं. पाठीवर. पुन्हा. आणि — मी खोटं कशाला सांगू — हातांना ते गोड लागलं. मुठीपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून डोक्यात, गोड, गरम, पेज उतरावी तशी. आयुष्यात इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं मला, ना पहिल्या नंबराने, ना बाप्तिस्म्याच्या पाण्यात. वल्हं पुन्हा वर गेलं तेव्हा बा मधे आला. "केसर, न्हाय पोरी —" वल्हं त्याच्या गालफडावर उतरलं.

चुकून? मला माहीत नाही. बाचं तोंड मधे आलंय हे मला दिसलं होतं. थांबवता आलं असतं इतपत आधी दिसलं होतं.

 बा एका गुडघ्यावर होता, गाल धरून. काका वाळूत, कानातून रक्ताची रेघ. आणि आय आली, न धावता, तेलाचे हात पदराला पुसत, आणि तिने केसरच्या हातातून वल्हं काढून घेतलं. एकेक बोट सोडवावं लागलं तिला.

"हात बापाचाच हाय गो तुझा," आय म्हणाली. रागाने नाही. बाळंतघरात नुकतं जन्मलेलं मूल बघून बाया सांगतात ना, नाक आजीचं हाय, तशी.

मग ती काकाकडे वळली. "ऊठ रं गुणाजी, रगत पूस. नारळ न्हाय मिळाला तं आता घरातल्या माणसांचं रगत पाजतोस काय दर्याला? जा, तुझी होडी बघ."

काका उठला. त्याने केसरकडे पाहिलं आणि केसरला त्याची नजर ओळखीची वाटली. मग कळलं की आय बाकडे जशी बघायची, पूर्वी, तशी ती होती. तो गेला. माणसं आपापल्या होड्यांकडे वळली. बाची होडी तिथेच राहिली, ओंडक्यावर, अर्धी वाळूत, आणि भरती तिच्या पायथ्यापर्यंत येऊन परत गेली.

केसर केवड्याच्या बनामागे जाऊन ओकली. सकाळची पेज सगळी पडली. दुपारभर ती विहिरीशी हात धूत बसली. हातांना काही लागलेलं नव्हतं, नुसते तळव्यांवर फोड आले होते, पण ती धूतच बसली. भाषण आठवून पाहिलं. माझ्या बापाने माझ्या आईचा... पुढे जाईना. वाक्य सुरू केलं की हातांतली ती गोडी परत यायची, ओकूनही गेली नव्हती ती, आणि तिला शिसारी यायची, आणि शिसारीच्या खाली — देवा! — पुन्हा हवी होती ती गोडी. म्हणजे मारायला ताडी लागत नाही. ताडी नुसतं निमित्त. बक्षिसं मिळवणारी, पांढरं लुगडं नेसणारी, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाणारी केसर, तिच्या आत हे सगळा वेळ बसलेलं होतं आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यातसुद्धा ते तिच्यासोबत खाली जाऊन वर आलं होतं, श्वास रोखून. मला कोणी विचारलंच नव्हतं तेव्हा. माझ्यासाठी अलिबागला येऊन मास्तरच उभे राहिले होते आणि म्हणाले होते, ही चांगली मुलगी आहे.

ऊन कललं तेव्हा बा डोक्याला तेल लावून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर उभा होता. डावा डोळा सुजून मिटलेला. दोघं निघाली. खाडीच्या बांधावरून चालायचं होतं. एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला भातं, हिरवीगार, वाऱ्याने लोळवलेली. केसरला गप्प राहणं कधी जमायचंच नाही.

"दुखतं?"

"व्हय."

"मी... बा, मला दिसलं होतं. तू मधे आलास ते."

"ठावं हाय मला." तो चालत राहिला. "मारताना समदं दिसतं, पोरी. लोक म्हनतात डोळ्यापुढं अंधारी येते. न्हाय येत. लख दिसतं. मला तुझ्या हातातली वाटी पन दिसत होती तवा."

केसरचे पाय अडले. पाच वर्षांत घरात त्या वाटीबद्दल कोणी बोललं नव्हतं. तिला वाटलं होतं ती वाटी फक्त तिला माहीत आहे.

"आज काय बोलायचं ते समदं बोल," बा म्हणाला. "नारळाचं सांग. मी मास्तरास्नी सांगितलंय, पन मंडळीला घरातल्यानं सांगायला पायजे. मागं काय ठेवू नको. मला बाहेर ठेवलं तं बाहेर बसून ऐकेन गानी. ती काय भाईरनं पन ऐकू येतात."

"तू डोळे मिटतोस ना... जेवताना." तिला नीट विचारता येईना, तिला, जिला वर्गात सगळ्यात आधी प्रश्न सुचायचे. "तेव्हा तुला काय दिसतं? छान वाटतं तुला?"

बाने मान हलवली. सुजलेल्या बाजूने बोलताना त्याचेही शब्द वाकडे येत होते, आयसारखे, आणि परक्याला ते अर्धे कळले नसते. "तुझ्या आयचा जबडा दिसतो. रोज. तोच. मी म्हनतो, देवा, हे बघ. काय केलंय ते बघ. आन् तो बघतो." तो थांबला, शब्द शोधत. "बघतो आन् उठून जात न्हाय. एवढंच. म्हनून मंग मी जेवतो."

खोलीत कंदील लावलेला होता. माणसं चटईवर बसली होती, खाडीपलीकडचे दोन म्हातारे, मिठागरावर काम करणारं एक जोडपं, मास्तरांची बायको, तिच्या मांडीवर तान्हं. एक गीत झालं. केसरने तोंड हलवलं. आवाज काढला नाही. मास्तरांनी बाच्या डोळ्याकडे पाहिलं, केसरच्या तळव्यांकडे पाहिलं. चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "बुधाजी तांडेलाला घरात पाहिलेलं माणूस आपल्यात एकच आहे. केसर, बाळ, ऊठ. जे पाहिलंस ते सांग."

ती उठली. सरळ. पण हात मागे गेले नाहीत, ते पुढेच राहिले, फोडांसकट, आणि तिला ते लपवावेसे वाटले नाहीत. सगळे तिच्याकडे बघत होते. राग होता; तो गेला नव्हता, तो तिथेच होता, छातीत, तेवढाच मोठा, आणि आयचा जबडाही तेवढाच वाकडा होता आणि उद्या सकाळीही राहणार होता, खाडीतल्या कितीही पाण्याने तो सरळ व्हायचा नव्हता. आणि तरी काहीतरी हललं होतं. इतकी वर्षं त्या रागाशेजारी ती एकटी बसली होती, वाटी आवळून. आणि आता तिथे, त्या कोंदट, रक्ताच्या वासाच्या जागेत, आणखी कोणीतरी येऊन बसलं होतं, न बोलवता, आणि त्याने काहीच हिसकावून घेतलं नव्हतं. तो तिला चांगली मुलगी म्हणत नव्हता. तो नुसता बघत होता, नारळ, वल्हं, काकाचा कान, तिच्या हातांतली गोडी, सगळं, लख्ख. माझं सगळं दिसत होतं आणि मला पळावंसं वाटत नव्हतं.

तान्हं कुरकुरलं आणि थांबलं. कोणीतरी खाकरलं. मास्तरांनी घाई केली नाही. समोर बाने मान वर केली होती. आज त्याने डोळे मिटले नव्हते, जो एक उघडत होता तो उघडा होता आणि तो तिच्याकडे बघत होता, काहीच न मागता. काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं. घ्या म्हणेन की नको म्हणेन, आधी त्याचं सांगेन की माझं... शब्द येतील ते येतील. बाहेर खाडी भरत होती, आणि केसर, जिला एक क्षणसुद्धा गप्प राहवत नसे, त्या माणसांच्या मधोमध तोंड न उघडता उभी राहिली, आणि तिला बोलायची घाई नव्हती.